थोरल्याचा डबा

आमच्या दुकानात मागच्या फळीवर एक खोकं आहे. त्यात नुसते जुने अडॅप्टर. कुठल्या राउटरचं कुठलं, ते कुणालाच आठवत नाही, पण फेकवत नाही, कारण "कधी लागंल सांगता येतं का?" माझ्याकडं किस्से तसेच साचलेत. अडीच वर्षं झाली. कुणी चहाला बसलं की मी खोक्यात हात घालतो, एखादा काढतो, लोक हसतात. मी पण हसतो. घरी जाताना मात्र त्यातलं गाढव कोण होतं ते आठवतं आणि कान गरम होतात.

आधी ओळख. मी प्रमोद, पम्या. नांदेडला इंजिनिअरिंगला होतो, दुसऱ्या वर्षात सोडलं. काहून सोडलं ते विचारू नका, त्या कामाला गावात माणसं भरपूर आहेत. आता सेलूला मामाच्या इंटरनेटच्या दुकानात आहे. मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. तो गल्ल्यावर, मी आणि अझहरभाई शिडीवर. अझहरभाई केबल टीव्हीच्या काळापासून शिडीवर आहेत. राउटरला आमच्याकडं सगळे डबाच म्हणतात, मी पण म्हणतो.

आणि आता ज्याला बघावं त्याला 'मेश' पाहिजे. म्हणजे एका डब्यानं घर भागत नसलं की दोन-तीन डबे लावायचे. नाव एक, पासवर्ड एक. माणूस या खोलीतून त्या खोलीत गेला की फोन आपोआप जवळचा डबा धरतो. एक डबा मेन, बाकीचे त्याच्या हाताखाली. अट एवढीच की डबे एका जोडीचे पाहिजेत. आणि जोडी जमली नाहीच, तर निदान सगळ्यात दमदार डबा मेन पाहिजे. एका जुवाला म्हातारा बैल अन् खोंड जुंपलं तर औत म्हाताऱ्याच्या चालीनं चालतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. डब्यांचं मात्र मोठ्या मोठ्या माणसांना कळत नाही.

*

माझा पहिलाच आठवडा. कापसाचे एक व्यापारी आले. तीन मजली घर, तीन डबे पाहिजेत. मामानं फळीवरून तीन डबे काढले. एक पांढरा, एक काळा, आणि एक कुणाच्या तरी घरून परत आलेला, त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोट तसंच!

व्यापारी म्हणाले, "हे तिन्ही येगयेगळे दिसायलेत. जुळतील का एकमेकाशी?"

मामा म्हणाला, "एकाच दुकानातून घ्यायलाव ना? मग जुळतेत की!"

व्यापाऱ्यांना ते पटलं नाही. मामानं माझ्याकडं बोट केलं. "हे आमचं इंजिनिअर पोरगं. इचारा त्याला."

सगळे माझ्याकडं बघायले. मी मान हलवली. हो म्हणून.

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी इंजिनिअर म्हणालं होतं.

*

सेलूतलेच एक गुरुजी. घरी शिकवणी घेतात. त्यांची तक्रार आली, "नेट हाय, पण चालत न्हाई." गेलो. बघतो तर तीन खोल्यांत तीन कंपन्यांचे तीन डबे. नाव सगळ्यांचं एकच ठेवलेलं, पासवर्ड एकच. कुणीतरी सांगितलं असणार की नाव एक केलं म्हणजे झालं मेश! डबे एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. फोन ज्या डब्याला चिकटला त्यालाच चिकटून राहायचा, माणूस पार परसात गेला तरी.

"मग तुम्ही चालवता कसं?" मी विचारलं.

"सोपं हाय," गुरुजी म्हणाले. "उंबरा वलांडला की वायफाय बंद करायचं अन् चालू करायचं. सवय झालीय."

आतून काकू म्हणाल्या, "पाय धुवून देवघरात जावं तसं!"

शिकवणीची पंधरा-वीस पोरं बसलेली. मला जोर चढला. पोरांसमोर ज्ञान दाखवायची संधी मी सोडत नाही, शिक्षण सोडलेल्या माणसाची ही खोड असते. मी म्हणालो, "गुरुजी, पोरांना विज्ञान शिकवता आणि घरात हे? असलं येड्यासारखं कुणी बसवून दिलं तुम्हाला?"

गुरुजींनी चष्मा वर केला.

"तुमीच की! दिवाळीच्या आधी."

*

निखिल माझा नांदेडचा रूम पार्टनर. जिंतूरचा. तो पास झाला, पुण्याला कंपनीत लागला. त्यानं आईबापासाठी तीन डब्यांचा एकदम भारी संच घरी पाठवला आणि वडिलांना सांगितलं, कुणाकडून तरी बसवून घ्या. वडिलांनी आमच्या दुकानात फोन केला. निखिलचं घर आहे हे मला दारात गेल्यावर कळलं.

खोकं उघडलं. तीन खाचा, डबे दोन.

"काका, तिसरा?"

"मोठ्या जावयाला दिला. धोंड्याचा महिना हाय न्हवं?"

अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, हे मला माहीत आहे. अनारसे देतात, चांदीचं निरांजन देतात, कपडे देतात. मेशचा डबा दिलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"चांदीचा भाव बघितलास का?" काका म्हणाले.

मी म्हणालो, "ते ठीक आहे. पण तीनपैकी कोणता दिला?"

"ज्याच्यावर मेन लिव्हलं होतं त्यो. मोठा जावई हाय, त्याला हाताखालचा कसा द्यावा?"

मी कपाळाला हात लावला. मेन डब्याशिवाय उरलेले दोन म्हणजे नुसते ठोकळे. आणि मोठ्या जावयाच्या घरी, मानवतला, मुळात इंटरनेटच नव्हतं! मेन डबा तिकडं कपाटात, निरांजनाच्या शेजारी.

मी म्हणालो, "असू द्या. या दोघांना आपण दुसरा मेन..."

"दोघांना न्हाई, एकाला," काका म्हणाले. "धाकटे जावई रैवारी यायलेत."

मी हसू दाबून काकांना सांगितलं, निखिलला व्हिडिओ कॉल लावा. हे सगळं त्याच्या कानावर घालावं म्हणून. काकांनी फोन लावून माझ्यासमोर धरला. निखिल ऑफिसात, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मी शिडीवर, केसांत जाळं.

"अरे पम्या? तू?"

  आम्ही वर्षभर एका खोलीत राहिलो होतो, एका साबणानं आंघोळी केल्या होत्या.

"पप्पा," तो म्हणाला, "त्या टेक्निशियनला चहापाणी दिलं का?"

मी दुकानातून पिशवीत आणलेले उरलेसुरले दोन डबे जोडले आणि निघालो. जावयांचा विषय काढलाच नाही.

*

पालमला मामाचा साडू राहतो. साडूचं काम म्हणजे फुकट, म्हणजे एसटीनं जायचं. पहिल्यांदा अझहरभाई एकटेच गेले होते. त्यांनी नवा संच बसवला. पण साडूच्या वडिलांच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, एक जुना डबा होता. घरातला पहिला डबा. आजोबांनी स्वतःच्या पेन्शनमधून घेतलेला. अझहरभाईंनी त्याची इंटरनेटची वायर काढून घेतली, पण लाइट चालू ठेवला. हिरवी बत्ती जळत राहिली, आत काही नाही.

पुढं तिथं एक किरकोळ काम निघालं. त्याला मी गेलो. डबा बघितला आणि माझं डोकं फिरलं. ही कसली फसवणूक? म्हाताऱ्या माणसाला उल्लू बनवायचं? मी सरळ डब्याची पिन उपसली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आजोबा, हा डबा मेलाय. तुम्हाला नुसती बत्ती दाखवायलेत हे."

सून आत गेली. साडू खाली बघायला लागला. आजोबा शांत होते.

"मला म्हाईत हाय की रे," ते म्हणाले. "वायर न्हाई ते मला दिसत न्हाई का?"

"मग?"

"नेट गेलं की पोरं अजून सवयीनं माझ्या खोलीत येतेत बत्ती बघायला. आली की दोन मिन्टं बसतेत."

मी पिन परत लावली. बत्ती लागली. पण आता ते सगळ्यांसमोर बोलून झालं होतं, आणि बोललेल्याला पिन नसते.

दुकानात येऊन अझहरभाईंना सांगितलं. ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "अरे बाबा, मी पन्नास घरांत असंच केलंय. बुजुर्गांची बत्ती जळू द्यायची, मेन आपल्याला पायजे तो करायचा. काम झाल्याशी मतलब. तुला खरं बोलायचं नसतंय, प्रमोद. तुला जितायचं असतंय."

मी म्हणालो, "मी खोटं बोलत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

*

आता आमचं घर. वालूरला. खाली अप्पा आणि काकू राहतात. अप्पा म्हणजे माझे थोरले काका, कचेरीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. वर आम्ही: आई, बाबा, मी आणि वैशू ताई, माझी मोठी बहीण. वाटणीत भिंत घातली नाही, पण चूल वेगळी झाली आणि विहिरीच्या पाण्यावरून वाजलं. त्यानंतर दोन वर्षं बाबा आणि अप्पा एकमेकांशी थेट बोलले नाहीत. बोलायचे ते माझ्याशी किंवा म्हशीशी, दुसऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ताई शिकलेली. माझ्यासारखी अर्धवट नाही, पूर्ण. पुण्याच्या एका कंपनीत घरून करायची नोकरी निघाली होती, आणि गुरुवारी अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. बाबांनी सांगितलं होतं, "लागली नौकरी तर वरीसभर एक बी स्थळ बघत न्हाई. न्हाई लागली तर मी म्हणंल तसं." बाबा असला सौदा करतात आणि त्याला मोठं मन म्हणतात.

इंटरनेटचं कनेक्शन घरात एकच, अप्पांच्या नावावर, अप्पांच्या खोलीत. वर ताईच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. मोबाइलला रेंज म्हणाल तर गच्चीवर, ती पण एका कोपऱ्यात. म्हणून बाबांनी दोन नवे डबे घ्यायला पैसे दिले. अप्पांचा जुना आणि हे नवे एकाच कंपनीचे होते, एकात एक बसणारे. फक्त नवा मेन करायचा आणि जुन्याला हाताखाली घ्यायचं. सोपं.

सोमवारी मी खाली जाऊन अप्पांच्या डब्यावरचं मखमली कापड काढलं. हो, कापड. काकूंनी शिवलेलं, लेस लावून.

"काय करायलास?" अप्पा.

"नवा मेन करायलोय. हा त्याच्या खाली जाईल."

"खाली म्हंजे?"

"हाताखाली."

अप्पा खुर्चीत सरळ झाले. "हा डबा आठ वर्षांखाली रुजू झालाय. ते कालचे. कचेरीत सेवाज्येष्ठता असती बाबा. कालच्याच्या हाताखाली जुना माणूस देत न्हाईत."

"अप्पा, हा माणूस नाही."

"डबा कुणाचा हाय, त्याच्यावर असतंय ते."

मी वर तोंड करून बाबांना हाक मारली. म्हटलं, हे आता भांडतील, नवा डबा यांच्या पैशाचा आहे. बाबा जिन्यात आले. ऐकून घेतलं. आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "थोरल्याचा डबा थोरलाच ऱ्हाईल. लोक काय म्हणतेल?"

"कोण लोक? डब्याला बघायला कोण लोक येणारेत?"

"मान तो मान हाय."

माझं डोकंच गेलं. "दोन वर्षं विहिरीच्या पाण्यावरून तोंडं बघत नाहीत एकमेकांची, आणि पोरीचं वाटोळं करायला बरे एक झालात! तुमच्या पिढीनं मानाशिवाय कमावलंय काय?"

अप्पा म्हणाले, "कालेज सोडून डबे लावत फिरणाऱ्यानं शिकवू नये."

झालं. मी म्हटलं, घ्या मान. अप्पांचाच डबा मेन केला. नवे दोन्ही त्याच्या हाताखाली दिले. कापडसुद्धा परत घातलं, लेस नीट करून.

आता ऐका. मला अझहरभाईंचं करता आलं असतं. अप्पांची बत्ती चालू ठेवायची, आतून मेन नवा करायचा. घरात कुणाला कळलं नसतं. मला ते त्याच क्षणी सुचलं होतं. नाही केलं. मी खोटं बोलत नाही ना! खरं म्हणजे मला ते दोघं तोंडावर आपटलेले बघायचे होते. एक-दोन दिवसांत नेट अडकेल, दोघं हात जोडत येतील, बुधवारी मी नीट करून देईन, असा माझा हिशेब.

वर गेलो तर ताई तिच्या खोलीत टेबल खिडकीपासून सरकवत होती, तोंडावर उजेड नीट यावा म्हणून.

"चालंल ना रे, पम्या?"

"चालंल," मी म्हणालो.

मंगळवारी, बुधवारी कुणी हात जोडले नाहीत. व्हॉट्सॲप चालत होतं, तेवढंच लागतं त्यांना. बुधवारी दुकानात काम होतं. गुरुवारी पण होतं.

गुरुवारी अकरा वाजता ताईची मुलाखत चालू झाली. सव्वाअकराला खाली अप्पांनी फोनवर कीर्तन लावलं, बाबांनी बाजारभावाचा व्हिडिओ लावला, आणि मखमलीखाली तापलेला तो आठ वर्षांचा डबा बंद पडून पुन्हा चालू झाला. पुन्हा बंद पडला. ताई फोन घेऊन गच्चीवर पळाली. अनवाणी, उन्हात. तिथून जोडेपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं. ताईनं मेल केला. उत्तर आलं की शुभेच्छा.

हे मला आईनं सांगितलं. ताईनं नाही.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "काय झालं मग मुलाखतीचं?"

माझ्या हातात भाकरी होती. मी वाट बघत होतो, आता ती सांगणार. सांगितलं तर मी अप्पांचं नाव घेणार, बाबांचं घेणार, सगळं तयार होतं माझ्याकडं, वाक्यंसुद्धा.

ताई म्हणाली, "मलाच उत्तरं आली न्हाईत."

आणि मला भाजी वाढली.

बाबा उठले, हात धुतले, जिन्यात गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी थेट हाक मारली, "अप्पा! त्या पाथरीच्या पावण्यायला कळवू का?"

खालून अप्पा म्हणाले, "कळव की!"

*

शुक्रवारी सकाळी मी खाली गेलो. कापड काढलं. नवा डबा मेन केला, अप्पांचा त्याच्या हाताखाली दिला. अकरा मिनिटं लागली. मोजली मी.

अप्पा खुर्चीत बसून बघत होते. मी म्हटलं, आता बोला, सेवाज्येष्ठता काढा. माझ्याकडं अजून ती सगळी वाक्यं शिल्लक होती.

"म्हंजे हे असं करायचं होतं व्हय?" अप्पा म्हणाले. "मग तवाच नीट समजावून सांगायचं की रे. मला काय कळतंय त्यातलं?"

*

पाथरीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक आत्या. बैठक खाली, अप्पांच्या खोलीत, कारण थोरले ते. बाबा आणि अप्पा एका सतरंजीवर, मांडीला मांडी लावून. काय ती भावाभावांची माया!

ताई चहा घेऊन आली. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. आत्यानं विचारलं, "नौकरीचा काही इचार?" बाबा मध्येच म्हणाले, "प्रयत्न केला होता, पण तिला काही जमलं न्हाई." ताईनं आत्यापुढं कप धरला. मी दाराशी उभा होतो.

मुलाचे वडील मघापासून फोनमध्ये होते. अप्पांनी त्यांना आल्या आल्या कौतुकानं पासवर्ड दिला होता. ते एकदम म्हणाले, "नेट लय पळायलंय हो तुमच्याकडं! आमच्या तिथं एका खोलीत येतंय अन् दुसऱ्यात जातंय. कुणाकडून बसवून घेतलं हे?"

अप्पांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी अप्पांकडं बघितलं.

ताईला कुणी विचारलं नव्हतं. तिनं ट्रेमधला शेवटचा कप उचलला, दारापर्यंत आली आणि माझ्या हातात दिला.

"माझ्या भावानं," ती म्हणाली.